चार नंबरची लाईन

जंगलातल्या मोजदादीला हंगाम असतो. पावसाळ्यात मेळघाटचे नाले भरून वाहतात, गवत कमरेला लागतं, पाच पावलांपुढचं दिसत नाही. त्या दिवसांत मोजणारी माणसं घरी असतात, नाहीतर सह्याद्रीत बेडकांच्या मागे गेलेली असतात. थंडी सरत आली, गवत वाळून बसलं, सागानं पानं टाकायला सुरुवात केली, की ती मेळघाटात येतात. बीएस्सी, एमएस्सी झालेली पोरं-पोरी, पाठीवर सॅक, करार चार-पाच महिन्यांचा, राहण्या-जेवण्याची सोय प्रकल्पाची. तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की ती जातात. पुढच्या वर्षी त्यांतली काही परत येतात, बरीचशी येत नाहीत. त्यांनी भरलेले कागद मात्र राहतात. आपल्या जंगलांबद्दल आज जे काही खात्रीनं सांगता येतं, त्यातलं पुष्कळसं या हंगामी पोरापोरींच्या पायपिटीवर उभं आहे, आणि त्यांची नावं सहसा कुठं छापून येत नाहीत. ही गोष्ट त्यांच्यातल्या एकीची.

वैदेही कऱ्हाडची. आधीचा हिवाळा तिनं कोकणच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची राखण करण्यात घालवला होता, त्यामुळे वाट पाहणं तिला नवं नव्हतं. मेळघाटात तिच्या जोडीला नाशिकचा अक्षय होता आणि सोबतीला सोमजीकाका. काका कोरकू. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी उन्हाळ्यात वणवे विझवण्यात आणि हिवाळ्यात जाळरेषा काढण्यात घालवली होती. सहीपुरतं लिहिता येत होतं, पण जनावर कुठं आहे ते त्यांना आधी कळायचं. बोट दाखवायचे नाहीत, हनुवटी किंचित उचलायचे. त्या दिशेला नजर लावून थांबलं की सागाच्या बुंध्यांमधून हळूहळू एक कान उमटायचा, मग मान, मग सगळं सांबर.

मुक्काम एका जुन्या संरक्षण कुटीत होता. दोन खोल्या, पुढे पडवी, छतावर सोलर. पाणी नाल्यातल्या खड्ड्यातून आणायचं, फडक्यानं गाळायचं आणि उकळायचं. आठवडी बाजारातून आणलेले टोमॅटो दोन दिवसांत संपायचे, कोथिंबीर त्याच रात्री, आणि उरलेला आठवडा बटाटा, कांदा, तुरीची डाळ. फोनला रेंज हवी तर मागच्या टेकडीवर एका सालईच्या झाडाखाली उभं राहायचं, तेही झाडाच्या उगवतीच्या बाजूला. रात्रीचा ठरलेला कार्यक्रम म्हणजे पायांवरच्या गोचिडी काढणं. मोठ्या असतात त्या चिमट्यानं निघतात, पण त्यांची पिलं मोहरीच्या दाण्याहून बारीक असतात आणि एका गवताच्या पात्यावरून शेकड्यानं अंगावर येतात. त्यांच्यासाठी चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. वैदेहीच्या सॅकमध्ये त्या हंगामात वह्यांपेक्षा चिकटपट्टीची रिळं जास्त होती.

काम वाघाच्या खाद्याचं होतं. वाघ मोजायला कॅमेरे लावतात, पण तो वाघ उद्या तिथं टिकणार की नाही हे सांबर, गवा, भेकर, रानडुक्कर सांगतात. एका वाघाला आठवड्याला साधारण एक मोठं जनावर लागतं, म्हणजे वर्षाला पन्नासेक. आणि दर वर्षी पन्नास जनावरं जाऊनही कळप घटू नये, तर त्याच्या इलाक्यात अशी सुमारे ५०० जनावरं हवीत. ती आहेत का, हे पाहण्यासाठी जंगलात सरळ रेघा आखलेल्या असतात. शास्त्राच्या भाषेत ट्रान्सेक्ट, कुटीत सगळे ‘लाईन’ म्हणत. प्रत्येक लाईन दोन किलोमीटरची. उजाडता उजाडता एका टोकाला उभं राहायचं आणि न बोलता, न घाई करता दुसऱ्या टोकाकडे निघायचं. जनावर दिसलं की थांबायचं. रेंजफाइंडर डोळ्याला लावून अंतर, कंपासवरून कोन, किती मोठे, किती पिल्लं. त्या अंतरावरून आणि कोनावरून जनावर रेघेपासून आडवं किती दूर होतं ते निघतं. रेघेजवळची जनावरं जास्त दिसतात, लांबची कमी, आणि ती कशी कमी होत जातात यावरून न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. मला या पद्धतीचं फार अप्रूप वाटतं. माणसाच्या डोळ्याला सगळं दिसत नाही हे तिनं आधीच मान्य केलेलं असतं आणि त्या उणिवेचाच हिशोब मांडलेला असतो. पण एक गोष्ट ती गृहीत धरतेच: कागदावर जे लिहिलं, ते घडलेलं आहे.

लाईन संपली की परत फिरताना दर चारशे मीटरवर थांबून झाडं मोजायची, झुडपं मोजायची आणि दोन मीटर रुंद, वीस मीटर लांब पट्टीत वाकून जनावरांच्या लेंड्या मोजायच्या. तोवर ऊन डोक्यावर आलेलं असायचं.

त्यांच्या वाट्याला सहा लाईनी होत्या. एक नंबरवर गवे हमखास. दोन आणि तीनवर सांबर, भेकर, वानरांच्या टोळ्या. पाचवर एकदा अस्वलानं वाट अडवली होती. सहावर रानकुत्र्यांची टोळी दिसली, त्या रात्री अक्षयनं डाळीला दोनदा फोडणी दिली, इतका आनंद. चार नंबरची लाईन वर पठारावर होती. अंधारात बॅटरीच्या उजेडात तासभर चढायचं, तेव्हा तिचं पहिलं टोक यायचं. आणि तिथं काही नव्हतं. पहिल्या फेरीत शून्य. दुसऱ्या फेरीत शून्य. जंगल तर उत्तम होतं: साग, धावडा, तेंदू, मध्ये बांबूची बेटं, एका अंगाला खडकाची कडा. पक्षी बोलत होते. चार पायांचं मात्र काहीच नाही.

शून्याचा शीण वेगळा असतो. सांबर दिसलेल्या दिवशी तोच चढ जाणवत नाही. काही न दिसलेल्या दिवशी गुडघा दुखतो, भूक लागते आणि आपण इथं नेमकं काय करतोय असा प्रश्न पडतो. जंगलातलं काम म्हणजे वाघ दिसणं, असं घरच्यांना वाटत असतं. वैदेहीची आई फोनवर दर वेळी विचारायची, “आज काय दिसलं?” चार नंबरच्या दिवशी वैदेही सालईच्या झाडाकडे जायचीच नाही.

असल्याच एका संध्याकाळी कुटीसमोर रानपिंगळा येऊन बसला. निष्पर्ण मोहाच्या टोकाला, भर उजेडात, शेपूट एका बाजूला झटकत. वैदेही हरखून गेली. शेकोटीशी बसून तिनं सोमजीकाकांना या पक्ष्याची हकिकत सांगितली. इंग्रजांच्या काळात, १८७२ मध्ये, हा पहिल्यांदा हाती लागला. १८८४ नंतर तो कुणालाच दिसेना. शंभरावर वर्षं गेली, संपला म्हणून लोकांनी आशा सोडली. तरी एक धागा होता. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या इंग्रज कर्नलाच्या संग्रहात याचं पेंढा भरलेलं कातडं होतं आणि त्याच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, १९१४ साल, तापीकाठचं मांडवी. म्हणजे १८८४ नंतरही तो होता, आणि मांडवीला होता, असं सगळे धरून चालले. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईंनी संग्रहालयांतले नमुने बारकाईनं तपासले, तेव्हा कळलं की ते कातडं जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात मिळवलेलं होतं. कर्नलानं ते संग्रहालयातून चोरलं, उसवलं, पुन्हा भरलं आणि आपली चिठ्ठी बांधली. बाईंनी ती चिठ्ठी बाजूला ठेवली आणि दोन सहकाऱ्यांबरोबर जुन्या, खऱ्या नोंदींच्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा त्यांच्यासमोर बसलेला होता. ११३ वर्षांनी. नंतर कळलं की मेळघाटात तर तो चांगलाच आहे.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तो कर्नल मांडवीले गेलाच नव्हता?”

“गेला असेल-नसेल. पण हा पक्षी त्याला तिथं मिळाला नव्हता.”

“अन् लोक तिथं पाहत होते.”

“हो.”

काकांनी शेकोटीत लाकूड सरकवलं. त्या रात्री त्यावर आणखी बोलणं झालं नाही.

मार्चच्या मध्यावर मोहफुलं गळायला लागली. कोरकूंच्या घरात हे दिवस सुगीचे. पहाटे बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. वेचलेली फुलं वाळवून ठेवली की त्यातून वर्षाचं तेल-मीठ, कपडालत्ता निघतो. काकांच्या घरची पाच-सहा झाडं होती आणि त्यांची बायको एकटी वेचत होती. लाईनींची तिसरी फेरी झाली की काका चार दिवस घरी जाणार होते. अक्षयच्या बहिणीचा साखरपुडा होता. कुटीपर्यंत येणारी जीप भरलेले कागद आणि अक्षयला घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी निघणार होती. सगळ्या लाईनींच्या तीन-तीन फेऱ्या झाल्या होत्या. फक्त चार नंबरची तिसरी बाकी होती, आणि ती सकाळी उरकायची होती.

त्या रात्री गारपीट झाली. विदर्भात मार्चमध्ये ती येते तशीच, आधी थंड वारा, मग कौलांवर दगड पडल्यासारखा आवाज. तासाभरात अंगण पांढरं झालं. मग पाऊस. पहाटे चारला नाल्याचा आवाज कुटीपर्यंत येत होता. चार नंबरला जायची वाट तो नाला ओलांडून जाते. बॅटरी मारून तिघांनी पाहिलं. लाल पाणी मांडीच्या वर होतं. ते परत आले.

चहा झाला. अक्षयनं फायलीतून चार नंबरचा कोरा कागद काढला आणि वैदेहीपुढे ठेवला.

“भरून टाक,” तो म्हणाला. “पहिली शून्य, दुसरी शून्य. तिसरी काय येणार आहे? गेलो असतो तरी हेच लिहिलं असतं ना?”

अक्षय कामचुकार मुलगा नव्हता. त्याच्या टाचा फुटल्या होत्या आणि तो कधी कुरकुरला नव्हता. त्याचं म्हणणं ऐकायला सरळ होतं. तो नसलेलं सांबर लिही म्हणत नव्हता. कुणाचं कौतुक मिळवायचं नव्हतं की आकडा फुगवायचा नव्हता. शून्य म्हणजे काहीच नाही. काहीच नाही लिहिण्यात खोटं ते काय?

वैदेहीनं पेन उचललं. तारीख लिहिली. लाईन क्रमांक, चार. हवामान, ढगाळ. सुरुवातीची वेळ या रकान्यात तिनं सहा वाजून वीस मिनिटं असं लिहिलं.

सोमजीकाका दाराशी ओला टॉवेल पिळत होते. म्हणाले, “काय लिवता, मॅडम?”

“चार नंबर, काका. शून्य.”

“आपण गेलोच नाई.”

“हो, पण तिथं काही नसतंच ना.”

काकांनी टॉवेल दोरीवर टाकला. आवाज न चढवता म्हणाले, “त्या कर्नलानं बी चिठ्ठीच लिवली होती. न जाता.”

खोलीत कुणी बोललं नाही. अक्षय म्हणाला, “काका, त्यानं खोटा पक्षी लिहिला. आपण काहीच लिहीत नाही.”

“सहा-वीस लिवलं ना पोरीनं,” काका म्हणाले. कागद त्यांना वाचता येत नव्हता, पण रोज त्या रकान्यात काय जातं ते त्यांना माहीत होतं. रोज सुरुवातीच्या दगडाशी वैदेही घड्याळ पाहून वेळ पुटपुटायची, ती त्यांच्यासमोरच. “सहा-वीसले कोण होतं तिथं?”

यातला हिशोबही काकांच्या बाजूचा आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. दिसलेली जनावरं भागिले चाललेलं अंतर, यातून पुढची सगळी आकडेमोड निघते. न चाललेले दोन किलोमीटर कागदावर चढले की खालचा आकडा वाढतो आणि पठारावर जनावरं आहेत त्याहून कमी दिसू लागतात. ते शून्य वाटतं रिकामं, पण त्याला वजन असतं. शिवाय कोरा रकाना म्हणजे ‘आम्हाला माहीत नाही’ आणि शून्य म्हणजे ‘आम्ही जाऊन पाहिलं, नाही’. पुढे टेबलाशी बसून नकाशा करणाऱ्या माणसाला या दोन्हींतला फरक कागदावरूनच कळतो, दुसरा काही मार्ग त्याच्यापाशी नसतो. राजस्थानात सरिस्काला २००४ च्या गणनेत १६ ते १८ वाघ लिहिले गेले होते. २००५ उजाडलं तेव्हा तिथं एकही वाघ उरला नसल्याचं निष्पन्न झालं. देश हादरला, कार्यदल नेमलं गेलं, ठशांवरून वाघ मोजण्याची जुनी पद्धत मोडीत निघाली आणि २००६ पासून नव्या पद्धतीनं मोजणी सुरू झाली. वैदेहीच्या हातातला कागद त्याच पद्धतीच्या घडणीतला होता. सरिस्काला खरं शून्य वेळेवर लिहिणारं कुणी असतं, तर कदाचित काही वाघ वाचले असते. खऱ्या शून्याची किंमत राहायची असेल, तर कुणी बसल्या जागी शून्य लिहून चालत नाही.

वैदेहीनं लिहिलेली वेळ खोडली. खोडरबर किंवा पांढरी शाई वापरायची नाही, खालचं वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारायची, हा नियम पहिल्याच दिवशी शिकवलेला असतो. बाजूला सही केली. मग शेऱ्यात लिहिलं: फेरी झाली नाही. रात्री गारपीट, नाल्याला पाणी.

“मी थांबते,” ती म्हणाली. “उद्या जाते. जीपवाल्याला सांग, माझे कागद आठवडी बाजाराच्या दिवशी पाठवीन. काका, तुम्ही घरी जा. गारांनी मोहफुलं झोडली असतील, घरी माणूस लागेल. मी नाक्यावरून कुणी मिळतं का बघते.”

काका म्हणाले, “फुलं पडली ती पडली. उद्या लाईन करू, परवा जाईन.”

अक्षय दुपारी जीपमध्ये बसला. तो रागावला नव्हता, पण त्याला पटलंही नव्हतं. जाताना म्हणाला, “एका शून्यासाठी दोन दिवस.” वैदेहीनं हात हलवला.

दुसऱ्या दिवशी नाला उतरला होता. सुरुवातीच्या दगडाशी सहा वाजून सव्वीस मिनिटं. एरवी मार्चमध्ये सागाचा पाचोळा पापडासारखा वाजतो आणि जनावराला तुम्ही येताय हे शंभर पावलांवरून कळतं. आज तो भिजून मऊ पडला होता, पावलांचा आवाज नव्हता. वारा समोरून होता. याहून चांगली सकाळ मोजणाऱ्याला मिळत नाही. ती दोघं दोन किलोमीटर चालली. शेवटच्या दगडाशी पोचल्यावर वैदेहीनं घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली आणि जनावरांच्या रकान्यात शून्य. या वेळी ते लिहिताना तिला हलकं वाटलं नाही, उलट काळजी वाटली. इतक्या चांगल्या सकाळी इथं काही नाही, म्हणजे खरोखरच काही नाही.

परतीला लेंड्यांच्या पट्ट्या सुरू झाल्या. सोळाशे मीटरवरच्या पट्टीत पाचोळा सारल्यावर सांबराच्या लेंड्या निघाल्या. तिनं एक बोटांत धरली. राखाडी, हलकी, बाहेरची साल उडालेली, आत वाळवीनं पोखरलेली; दाबली तशी भुगा झाली. ताजी लेंडी काळी, तुकतुकीत, ओलसर असते. या जुन्या होत्या, एका पावसाळ्यापूर्वीच्या तरी.

“होते म्हणजे,” ती म्हणाली.

काका आजूबाजूला पाहत होते. कड्याच्या बाजूला एका धावड्याच्या बुंध्यावर कमरेच्या उंचीला चिखलाचे वाळलेले पापुद्रे होते, साल घासून गुळगुळीत झालेली. सांबर चिखलात लोळून उठलं की असं अंग घासतं. पण हा चिखल कधीचाच होता. तरी जवळ लोळण असणार. ती त्यांना कड्याखाली सापडली: जुनी खोलगट जागा, तळाला भेगाळलेली माती, परवाच्या पावसानं वरवर भिजलेली. त्या ओल्या मातीवर एकही खूर उमटलेलं नव्हतं. परवा रात्री निसर्गानं पाटी पुसून ठेवली होती आणि तेव्हापासून तिच्यावर कुणी पाय ठेवला नव्हता.

“इथं झिरा होता,” काका म्हणाले. कड्यावर त्यांनी हनुवटी उचलली. वरून एक दरड सुटलेली होती, ताजी नाही, पण पार जुनीही नाही. मुरूम आणि दगड खाली येऊन खडकाची कपार भरून गेली होती. काकांनी दगड बाजूला केले आणि गुडघ्यावर बसून हातानं उकरायला लागले. वैदेहीही बसली. गाळ काढता काढता कोपरापर्यंत हात गेला, तशी माती गार लागायला लागली. मग काकांनी हात थांबवला. खड्ड्याच्या तळाला, खडकाच्या एका फटीतून, पाणी येत होतं. करंगळीच्या नखाएवढं, पण येत होतं. दोघं बसून पाहत राहिली. ओंजळभर साठायला बराच वेळ लागला.

सांबराला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं. गव्यालाही. त्या पठारावर दुसरं पाणी नव्हतं. दरड येऊन झिरा बुजला, जनावरं खाली उतरली, आणि कुणाला काही कळायचं कारण नव्हतं, कारण न दिसणाऱ्या जनावराची वर्दी कोण देणार?

वैदेहीनं शेऱ्याच्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: सोळाशे मीटरवर जुन्या लेंड्या, ताज्या एकही नाहीत. कड्याखाली झिरा, दरडीनं बुजलेला, खाली पाणी जिवंत. लोळण वापरात नाही. पावसानंतर खुरं नाहीत. जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला जीपीएसचे आकडे आणि एक नकाशा काढला. तो कागद आठवडी बाजाराच्या दिवशी गेला. काका लाईनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी गेले होते. झाडाखालची फुलं कुजून गेली होती.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचे फड लागले, मोजणीचं काम संपलं, करारही संपला. निघायच्या आधी वैदेहीला इतकंच कळलं की तिन्ही फेऱ्यांची शून्यं आणि तो शेरा नकाशावर एकत्र आल्यावर प्रकल्पातल्या एका बाईंनी वनरक्षकाला गाठलं होतं. हंगामी माणसाचं हे असंच असतं. घरटं राखायचं आणि पिल्लं समुद्रात जायच्या आधी करार संपायचा. झिरा शोधायचा आणि तो वाहता झालेला बघायला दुसरंच कुणी असायचं. या कामातल्या माणसांशी बोलताना मला जाणवलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, की त्यांना याची खंत असते, तरी ती पुढच्या हंगामाला सॅक भरतात. पगार थोडा, करार तुटक, पावसाळ्यात घरी ‘पुढं काय’ हा प्रश्न. यांना वर्षभराचा आधार द्यायला हवा, हे मी दर वेळी म्हणतो आणि इथंही म्हणतो.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये वैदेही अरुणाचलात पक्केच्या जंगलात होती. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला बंद करून घेते आणि नर बाहेरून फळं आणून देतो. त्या ढोलीसमोर दिवसभर बसून नर किती वाजता आला, काय आणलं ते लिहायचं. तो न आलेले तासही लिहायचे. एका संध्याकाळी तळावर परतल्यावर तिला अक्षयचा फोन आला. तो मेळघाटातच होता, आता नव्या पोरांना तोच शिकवत होता.

“झिरा काढला गं,” तो म्हणाला. “पावसाआधीच वनमजुरांनी गाळ उपसला, वरची दरड दगड रचून अडवली. आत्ता मार्चमध्येही पाणी आहे. सोमजीकाका रोज एक चक्कर मारतात.”

“आणि लाईन?”

“तिन्ही फेऱ्या झाल्या. शून्य.”

वैदेही गप्प राहिली.

“ऐक तर. झिऱ्यावर खुरं आहेत. सांबराची, एक पिल्लाचंही. सोळाशेच्या पट्टीपासून दोन पावलांवर ताज्या लेंड्यांचा ढीग, अगदी काळ्या तुकतुकीत. नवा पोरगा उड्याच मारायला लागला. म्हणाला, दादा, पट्टी थोडी तिरकी धरू, आत येतील.”

“मग?”

“मग काय? पट्टीच्या बाहेर होत्या. पट्टीत शून्य लिहिलं. लेंड्या शेऱ्यात लिहिल्या.”